सहावी पायरी आणि संपिगेचं झाड

विश्वेश्वरराव मोहित्यांना त्यांच्या पोटच्या मुलीनं नववीच्या वर्गात नेऊन बसवलं, तो रविवार ते अजून विसरलेले नाहीत. सकाळी ते इंदिरानगरच्या आपल्या घराच्या व्हरांड्यात डोसा खात होते. डोसा नेहमीसारखा होता, कॉफी ठीक होती, आणि आपण एक नीतिमान गृहस्थ आहोत ही खात्रीही जागच्या जागी होती. नाश्ता संपेपर्यंत यातली शेवटची गोष्ट गेली.

मुळात विश्वेश्वरराव हे बेंगळुराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले क्वालिटी इन्स्पेक्टर. आयुष्यभर त्यांच्या हातात गेज होता. गेजचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. भोक बरोबर असेल तर पास, नसेल तर रिजेक्ट, मधली भानगड नाही. तशी मधली एक सोय कारखान्यात असते. केसभर फरक असलेला पण काम भागवेल असा माल 'डेव्हिएशन'वर पास करता येतो, फक्त इन्स्पेक्टरची सही लागते. ती सही विश्वेश्वररावांनी अख्ख्या नोकरीत एकदाही केली नाही. निरोप समारंभात मालकांनी याचा उल्लेख केला तेव्हा टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या. त्या कौतुकाच्या होत्या की सुटकेच्या, यावर मोहित्यांच्या घरात दोन मतं आहेत.

निवृत्तीनंतर रिजेक्ट करायला बोल्ट उरले नाहीत, म्हणून ते घरातल्या वस्तूंकडे वळले. व्हर्नियर लावून चपातीची जाडी मोजली, तेव्हा त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी व्हर्नियर उचलून तांदळाच्या डब्यात टाकला आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. विश्वेश्वररावांची दुसरी अभिमानाची गोष्ट म्हणजे घराणं. मोहिते शहाजीराजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. वाद पाण्याचा असो, पार्किंगचा असो की कुत्र्याच्या भुंकण्याचा, विश्वेश्वरराव एक वाक्य बाहेर काढत: "आमचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात आहे." या वाक्यानं आजवर एकही वाद मिटलेला नव्हता.

तर त्या रविवारी त्यांची मुलगी संहिता समोर येऊन बसली. ती मानसशास्त्रात एम. ए. करत होती आणि माणसाची नैतिक समज वयाबरोबर कशी वाढत जाते, हा तिचा विषय होता. तिनं एक प्रसंग सांगितला. एका मोठ्या सोसायटीचा नियम आहे की बाहेरच्या माणसाला लिफ्ट वापरू द्यायची नाही. सामान पोचवायला आलेली एक बाई गरोदर आहे आणि जायचंय वरच्या मजल्यावर. वॉचमननं काय करावं? विश्वेश्वरराव चटणी पुसून घेत म्हणाले की सोडावं तिला लिफ्टनं, त्यात विचारायचं काय. का सोडावं, असं संहितानं विचारलं. तेव्हा ते म्हणाले की नाही सोडलं तर लोक काय म्हणतील, एवढी मोठी सोसायटी आणि माणुसकी नाही म्हणतील. संहितानं मान हलवली आणि सांगितलं की अप्पा, तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात.

"वरून की खालून?" विश्वेश्वररावांनी विचारलं.

खालून, म्हणाली ती. मग तिनं त्यांना सगळा जिना समजावून सांगितला. अगदी खालच्या पायरीवर माणूस शिक्षेला भिऊन नीट वागतो. दुसरीवर त्याचा हिशोब असतो की यात माझं काय. तिसरीवर चार लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून. चौथीवर नियम आहे, कायदा आहे, म्हणून. पाचवीवर सगळ्यांच्या भल्यासाठी आपण मिळून हे ठरवलंय, म्हणून. आणि सहावीवर कुणी बघो न बघो, स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला पटलंय म्हणून. उत्तर काय दिलं याला महत्त्व नाही अप्पा, कारण काय दिलं त्याला आहे. शेवटी तिनं प्रेमानं हेही सांगितलं की तिसरी पायरी वाईट मुळीच नाही, नववी-दहावीतली बरीच मुलं तिथंच असतात.

विश्वेश्वररावांचा डोसा तिथंच थांबला. गेज हातात धरून ज्यानं उभी हयात काढली तो माणूस नववीत. त्यांनी पुन्हा परीक्षा घ्यायची विनंती केली, ती नाकारण्यात आली. मग त्यांनी शहाजीराजांचं वाक्य काढलं. संहितानं तेही टिपून घेतलं, हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

नेमका त्याच वेळी फाटकाबाहेर काठीचा खडखडाट झाला.

त्यांच्या कुंपणाला लागून संपिगेचं झाड आहे, आपण ज्याला सोनचाफा म्हणतो ते. संहिता जन्मली त्या दिवशी विश्वेश्वररावांनी हॉस्पिटलमधून थेट लालबागेच्या नर्सरीत जाऊन रोप आणलं आणि अंगावरच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी खड्डा खणला. त्या झाडाबद्दल ते कधी बोलत नसत, पण रोज सकाळी दार उघडलं की आधी मान वर करून बघत. झाड आता घराच्या गच्चीएवढं झालं होतं आणि कुंपणावरून फुटपाथवर झुकलं होतं. आणि बेंगळुरात फुटपाथवर झुकलेलं फूल म्हणजे फिरायला निघालेल्या सज्जनांचं. ही सगळी घरंदाज माणसं. पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला माकडटोपी, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी. देवासाठी तोडलेलं फूल चोरीचं होत नाही, अशी या मंडळींची पक्की समजूत. परिणामी झाड मोहित्यांचं, वास सगळ्या क्रॉसचा, म्हणजे गल्लीचा, आणि मोहित्यांच्या देवाला बाजारचा झेंडू.

कमलाबाईंना याचं वाईट वाटे, पण त्या बोलत नसत. विश्वेश्वरराव फाटकातून खेकसत, त्यावर मंडळी हात हलवून गुड मॉर्निंग म्हणत. आज मात्र काठीचा आवाज ऐकताच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही फूलचोर मंडळी पहिल्या-दुसऱ्या पायरीवर चाचपडत असणार. त्यांना एकेक पायरी चढवत सहावीपर्यंत न्यायचं. आणि जो दुसऱ्याला सहावीवर नेतो तो स्वतः तिथं असलाच पाहिजे, हे संहितालाही कबूल करावं लागेल. त्यांनी ही योजना दोघींना सांगितली. संहिता म्हणाली की पायऱ्या अशा आठवड्याला एक चढत नाहीत, त्याला वर्षं लागतात. कमलाबाई घरात नवऱ्याला, कन्नड शेजाऱ्यांच्या सवयीनं, 'अहो'ऐवजी 'री' म्हणत. त्या म्हणाल्या, "री, झाडाला काही होईल असं करू नका म्हणजे झालं."

पहिली पायरी भीतीची. विश्वेश्वरराव मेट्रोनं चिकपेटला गेले आणि एक खोटा कॅमेरा घेऊन आले, आत काही नसलेला, फक्त लाल दिवा लुकलुकणारा. पत्र्यावर स्वतःच्या हातानं बोर्ड रंगवला की कॅमेऱ्याची नजर आहे, फुलं तोडणाऱ्यावर कारवाई होईल. शेजारचे शिवाप्पा, बँकेतून निवृत्त झालेले, तेवढ्यासाठी येऊन उभे राहिले आणि कन्नड अक्षरं इंग्रजीपेक्षा मोठी हवीत असं त्यांनी सुचवलं. ते बरोबरच होतं, म्हणून बोर्ड पुन्हा रंगवला. दोन-चार दिवस फुलं टिकली. मग एका सकाळी शिवाप्पांनी फाटकावरून हाक मारली. एका हातानं आकडीनं फांदी वाकवलेली, दुसऱ्या हातात पेन्सिल सेल. "राव अवरे, तुमच्या कॅमेऱ्याचा दिवा लागत नाही. सेल गेलाय. माझ्याकडे जास्तीचे होते, घ्या." सेल देऊन ते फुलं घेऊन गेले. आता त्या माणसाला काय बोलणार? विश्वेश्वररावांनी सेल बसवला आणि थँक्यू म्हटलं.

दुसरी पायरी देवाणघेवाणीची. नवा बोर्ड लागला: एक फूल घ्या, कुंडीला एक तांब्या पाणी घाला. याला मात्र असा प्रतिसाद मिळाला की विश्वेश्वरराव गहिवरले. सकाळी उजाडताच कुंड्यांपाशी गर्दी. समोरच्या बिल्डिंगमध्ये चंदना नावाची एक पुण्याची मुलगी राहायची, सॉफ्टवेअरवाली. ती ऑफिसच्या टेबलावर ठेवायला फुलं न्यायची. ती म्हणाली, "काका, फेअर डील आहे. मी थ्री बॉटल्स घातल्या, सो थ्री फ्लॉवर्स, राइट?" ज्याला जास्त फुलं हवीत तो जास्त पाणी घालू लागला. पाणी आणायचं कुठून, तर मोहित्यांच्याच अंगणातल्या नळाचं. आठवडा संपायच्या आत तुळस कुजली, कढीपत्ता आडवा झाला, अंगणात शेवाळ धरलं आणि घरातला सम्प, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा हौद, कोरडा पडला. भर उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागला. टँकरवाला आत येताना चिखलात घसरला आणि जाताना म्हणाला की एवढं पाणी असताना मला कशाला बोलावलं.

कमलाबाईंनी कुजलेली तुळस उपटली, तेव्हा त्यांचा चेहरा बघून विश्वेश्वररावांनी बोर्ड तातडीनं उतरवला. पण उत्साह उतरला नाही. तिसरी पायरी तर त्यांच्या ओळखीची होती. तिसरा बोर्ड त्यांनी मन लावून रंगवला: तुमच्यासारखी सज्जन माणसं दुसऱ्याची फुलं तोडत नाहीत. खाली नमस्काराचे दोन हातही काढले. ते जरा पंज्यासारखे झाले, पण भाव पोचत होता.

मागच्या बोळातल्या जमनाबाईंनी तो बोर्ड सगळ्यांत आधी वाचला. जमनाबाई म्हणजे जुन्या मराठी घरातल्या, वयानं मोठ्या, सगळ्यांच्या अक्का. विश्वेश्वररावांना त्यांनी लहानपणी आंघोळ घातली होती आणि हे त्या भेटेल त्याला सांगत. बोर्ड मोठ्यानं वाचून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या की विशू, चांगलं केलंस, त्या शिवाप्पाला असंच सांगायला हवं. हे बोलताना त्यांची आकडी वरच्या फांदीवर होती. शिवाप्पांना वाटलं की बोर्ड चंदनासाठी आहे. चंदनाला वाटलं की हे सगळं अंकल लोकांसाठी आहे. म्हणजे बोर्ड प्रत्येकाला मनापासून पटला होता, फक्त दुसऱ्याच्या बाबतीत. पुढं क्रॉसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी सज्जन आणि कुणी नाही यावरून अशी जुंपली की कचऱ्याची गाडी आली-गेल्याचे मेसेज त्यात बुडून गेले. प्रत्येक जण विश्वेश्वररावांकडे येऊन दुसऱ्याची तक्रार करू लागला, आणि एकमेकांना दिसू नये म्हणून फुलांना पहाटे एकाआधी एक येऊ लागला. उजाडेपर्यंत झाडावर कळीही शिल्लक राहीना.

इथं शहाणा माणूस थांबला असता. विश्वेश्वरराव चौथ्या पायरीवर चढले.

चौथी पायरी कायद्याची, आणि कायदा म्हटलं की त्यांच्या अंगात पुन्हा पीण्या संचारलं. ते वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनं शांतपणे सांगितलं की तक्रार ऑनलाइन करायची आणि तीही ठरलेल्या प्रकारांत बसणारी. खड्डे, कचरा, भटकी कुत्री, पथदिवे, झाडाचा त्रास. फूलचोरी असा प्रकार नाही. विश्वेश्वररावांनी बराच वाद घातला, शहाजीराजे काढले, मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्यांनी 'झाडाचा त्रास' हा प्रकार निवडला. त्रास किती, कमी, मध्यम की तीव्र, असं फोननं विचारलं. जन्मात कधी कशाला मध्यम न म्हटलेल्या माणसानं 'तीव्र' दाबलं.

सरकारी काम हळू चालतं म्हणतात, पण ते बहुतेक खड्ड्यांचं. झाडासाठी इन्स्पेक्टर लगेच आले. चांगला माणूस, घाईतला. त्यांनी वर पाहिलं आणि तारेला लागलेल्या फांद्या छाटून घेऊ म्हणाले. विश्वेश्वरराव त्यांना फुलांचं सांगू लागले, तर त्यांनी मध्येच सहज विचारलं की खोड कुंपणाच्या आत आहे ना? दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. विश्वेश्वररावांनी घरातून टेप आणला, मोजलं, आणि अर्धं खोड फुटपाथच्या हद्दीत गेलं असल्याचं अभिमानानं सांगितलं. मागची बाजू उन्हात असल्यामुळं इन्स्पेक्टरांना दिसेना, तर टेप धरून दाखवलं. इन्स्पेक्टर म्हणाले, असा प्रामाणिक माणूस पहिल्यांदा पाहिला. विश्वेश्वरराव फुलून गेले. मग इन्स्पेक्टर म्हणाले की खोड फुटपाथवर, तक्रार तीव्र, तक्रारदार स्वतः मालक, म्हणजे छाटून भागणार नाही, झाड मुळापासून काढावं लागेल. शुक्रवारी माणसं येतील. "सरी सर, बरतेनी," असा निरोप घेऊन ते निघूनही गेले.

विश्वेश्वरराव टेप हातात धरून तसेच उभे राहिले. टेप आपोआप सर्रकन आत गेला, तेव्हा ते भानावर आले. लगेच फोन काढून ते तक्रार मागं घ्यायला गेले, तर तक्रार मागं घेण्याचा प्रकार त्या यादीत नव्हता. वॉर्ड ऑफिसात पुन्हा गेले. क्लार्क म्हणाला की तुमचं काम इतक्या लवकर झालं, लोक यासाठी हेलपाटे मारतात, आणि तुम्ही रागावताय.

घरी कमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि व्हरांड्यातून झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. संहितानं पायऱ्यांची टिपणं मिटून आत नेऊन ठेवली. विश्वेश्वररावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की नियमाप्रमाणं सगळं अगदी बरोबर करूनही माणूस साफ चुकू शकतो.

बातमी क्रॉसमध्ये पसरली आणि गुरुवारी दुपारी सगळे फूलचोर मोहित्यांच्या व्हरांड्यात जमले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका सतरंजीवर बसली. जमनाबाई म्हणाल्या की फुलणारं झाड पाडलं तर देवी कोपेल. चंदना म्हणाली की तिच्या टेबलावर आता काय ठेवायचं, आणि ऑफिसात सगळे तिला त्या वासावरून ओळखतात. शिवाप्पा म्हणाले की आपल्या क्रॉसला सगळे संपिगेवाला क्रॉस म्हणतात, उद्या कुठल्या तोंडानं पत्ता सांगणार. संहिता कोपऱ्यात बसून हे ऐकत होती आणि तिची बोटं नुसती शिवशिवत होती, पण तिनं पेन उचलला नाही. मग फार वेळ न घेता त्यांनी आपसात ठरवूनही टाकलं की झाड वाचलं तर फुलं वाटून घ्यायची, आळीपाळीनं, आणि पहिली पाळी कमलाबाईंची. पाचवी पायरी कुणी बोर्ड न लावताच आली होती. अडचण एवढीच की झाड उद्या जाणार होतं.

"माणसाचं झाड कापतात," जमनाबाई म्हणाल्या. "देवाचं कोण कापतंय?"

सतरंजीवरच्या सगळ्या माना झाडाकडे वळल्या. मग शिवाप्पा हळूच म्हणाले की दगड हवा. मोहित्यांच्या मागच्या अंगणात इडलीचं वाटायचा जुना रगडा पडून होता, इलेक्ट्रिक ग्राइंडर आल्यापासून बेकार. त्यातला उभट गोटा शिवाप्पा आणि विश्वेश्वरराव दोघांनी मिळून आणला, कारण एकट्याला उचलेना. झाडाच्या बुंध्याशी तो उभा केला. जमनाबाईंनी हळद फासली, कुंकू लावलं, खोडाला दोरा गुंडाळला. चंदनानं दिवाळीतली दिव्यांची माळ आणून फांदीवर सोडली. मागं सरून सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. कमलाबाईंनीही जोडले. मग त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या की लग्न झाल्यापासून मी यानंच उडीद वाटले.

विश्वेश्वररावांनी मात्र जोडलेले हात पुन्हा खाली घेतले. ही सरळसरळ फसवणूक होती. त्यांच्या डोक्यातला गेज सांगत होता की कुठलंच टोक आत जात नाहीये.

शुक्रवारी इन्स्पेक्टर आले. बरोबर करवत आणि दोर घेतलेली माणसं. सगळा क्रॉस फुटपाथवर उभा होता आणि प्रत्येक जण काहीतरी दुसरंच करत असल्यासारखं दाखवत होता. इन्स्पेक्टर झाडापाशी आले, बुंध्याकडे पाहिलं आणि थबकले. मग त्यांनी बूट काढले. हात जोडून झाल्यावर ते वळले आणि नेमके विश्वेश्वररावांसमोर येऊन उभे राहिले.

"सर, तुम्ही खोटं बोलणारे नाही. मागच्या वेळी मी घाईत होतो, इकडे नीट बघितलं नाही. हे दैवत इथं कधीपासून आहे?"

जमनाबाईंनी डोळे मिटले. शिवाप्पा आकाशाकडे बघू लागले. संहिता फाटकात उभी होती आणि ती फक्त बापाकडे बघत होती. विश्वेश्वररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर, जिथं रोज पाहत तिथं. कालपासून बरंच फुललं होतं, कुणी हात लावला नव्हता. काल दुपारपासून, हे उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"साहेब," ते म्हणाले, "आमचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात आहे."

इन्स्पेक्टरांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी जरा खाली वाकून. म्हणाले, हे आधी सांगायचं ना सर, एवढं जुनं स्थान, तक्रारीत लिहायला हवं होतं. तारेवरच्या थोड्या फांद्या तेवढ्या छाटल्या आणि खोडाला कुणी हात लावला नाही. जाताना करवतवाल्यांनीही कुंकू लावून घेतलं. ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं होतं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे विश्वेश्वररावांनी मनाशी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. तपासून समाधान झालं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात कॉफी घेताना संहितानं विचारलंच. अप्पा, का केलंत? शिक्षेची भीती होती का, लोक काय म्हणतील असं वाटलं का, की तत्त्व होतं? विश्वेश्वररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. भीती तर उलट आता वाटत होती. लोकांचं त्या क्षणी लक्षातही नव्हतं. आणि तत्त्व म्हणाल तर ते साफ मोडलं होतं.

"तू हॉस्टेलला होतीस ना," ते म्हणाले, "तेव्हा सकाळी दार उघडलं की याचा वास यायचा. वाटायचं, तू आतच आहेस, झोपलीयस. मग मी कॉफी प्यायचो. बास, एवढंच."

संहितानं कप खाली ठेवला. ही कुठली पायरी ते कॉलेजातल्या मॅडमना विचारावं लागेल, असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ नाक पुसत राहिली. सर्दी झालीय म्हणाली. कमलाबाईंनी विश्वेश्वररावांच्या कपात न मागता आणखी कॉफी ओतली, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना ती पास करावीशी वाटली.

एवढ्यावर भागलं असतं तर उत्तम. पण झाड आता देवाचं झालं होतं, आणि देवाच्या झाडाचं फूल तोडायची कुणाची छाती होईना. पाळ्या जागच्या जागी राहिल्या. संपिगेची फुलं झाडावरच पिकून गळू लागली आणि उलट लोकच झाडाला फुलं वाहू लागले. रोज सकाळी रगड्याच्या गोट्यासमोर जास्वंदीचा ढीग. घरोघरच्या देव्हाऱ्यांनाही फुलं लागतच होती, ती आता दुसऱ्या कुठून तरी यायला हवी होती. कमलाबाईंनी विश्वेश्वररावांना सकाळच्या फेरीला जाताना एक कापडी पिशवी दिली. कशाला, ते त्या बोलल्या नाहीत आणि विश्वेश्वररावांनी विचारलं नाही.

अशाच एका सकाळी ते फेरीहून परतले, तर फाटकाशी मागच्या क्रॉसवरचे पिराजीराव वाट बघत होते. त्यांची दुहेरी लाल जास्वंद सगळ्या इंदिरानगरात प्रसिद्ध. बिचारे कासावीस झाले होते. म्हणाले, विशू अण्णा, काय दिवस आलेत, झाडावर एक फूल ठेवत नाहीत लोक, आणि सगळे चांगल्या घरचे दिसतात. तुम्ही म्हणे बोर्ड लावून सगळ्यांना सुधारलंत. मग त्यांची नजर दगडासमोरच्या लाल ढिगाकडे गेली आणि त्यांनी भक्तिभावानं हात जोडले.

विश्वेश्वररावांनी उजवा हात, पिशवीसकट, हळूच पाठीमागं नेला. डाव्या हातानं व्हरांड्यातला तिसरा बोर्ड उचलून त्यांनी पिराजीरावांना दिला, तो पंज्यासारखे हात काढलेला, आणि हाच सगळ्यांना जास्त पटतो असं सांगितलं. पिराजीराव तो छातीशी धरून, आभार मानत गेले.

मागं दारात संहिता उभी होती. तिला त्यांची पाठ दिसत होती, आणि पाठीमागची पिशवीही. पिशवीच्या तोंडातून एक दुहेरी लाल जास्वंद बाहेर डोकावत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "ही कुठली पायरी?"

विश्वेश्वररावांनी पिशवी तिच्या हातात दिली, चपला काढल्या, आणि नेहमीसारखी मान वर करून झाडाकडे पाहिलं.

"डेव्हिएशन," ते म्हणाले. "आण इकडे, सही करतो."